रंगावरचा गिलावा आणि भिंतीवरची नावे

(कलशारोहणाच्या आदल्या दिवशी सभामंडपात ग्रामस्थ व देणगीदारांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



श्रींच्या कृपेने जीर्णोद्धाराचे काम पूर्ण झाले आहे. शिखर झाले, गाभाऱ्याची फरशी झाली, दीपमाळ सरळ झाली. ही सर्व कामे ठरल्या वेळेत झाली. मात्र सभामंडपाची ही उत्तरेकडील एक भिंत तीन महिने अडून राहिली. परगावच्या देणगीदारांनी समितीला पत्रे लिहून विचारले, फोन करून विचारले, की एका भिंतीला तीन महिने कशाला लागतात? गिलावा म्हणजे चार दिवसांचे काम. प्रश्न रास्त आहे. पैसा घामाचा आहे आणि त्याचा हिशेब मागण्याचा देणाऱ्यास अधिकार आहे. त्या प्रश्नाचे उत्तर आज या भिंतीसमोरच दिलेले बरे.

येथील पुष्कळांना आठवत असेल की याच भिंतीवर चार वर्षांपूर्वी एकदा सिमेंटचा गिलावा झाला होता. त्या वेळी भिंतीवर तैलरंग होता. तो तसाच ठेवून, वरवर चार टाचे मारून, त्याच्यावर माल चढविण्यात आला. दिसायला भिंत आरशासारखी झाली. पहिला पावसाळा गेला. दुसऱ्या वर्षी श्रावणात एका पहाटे दहा फूट लांब आणि पाच फूट उंच असा तुकडा एकाएकी सुटून खाली आला. बारा मिलिमीटर जाडीचा तेवढा गिलावा म्हणजे शंभर किलोंहून अधिक वजन. जिथे तो पडला तिथे रोज संध्याकाळी हरिपाठाला गावातली लहान मुले बसतात. वेळ पहाटेची होती म्हणून निभावले.

सकाळी गाव जमले तेव्हा सर्वांनी एक नवल पाहिले. भिंतीच्या वरच्या भागात तैलरंगाने लिहिलेली जुन्या देणगीदारांची नावे जशीच्या तशी, एक अक्षर न पुसता, पुन्हा दिसू लागली होती. कुणी हात जोडले, कुणी म्हणाले की पूर्वजांना झाकलेले रुचले नाही. श्रद्धेच्या जागी श्रद्धा असो. परंतु गवंड्याने खाली पडलेले तुकडे उलटे करून पाहिले आणि त्याला त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी दिसल्या. वरच्या भागातून पडलेल्या तुकड्यांची पाठ पाटीसारखी गुळगुळीत होती. म्हणजे तिथे गिलाव्याने रंगाला धरलेच नव्हते. खालच्या भागातून पडलेल्या तुकड्यांच्या पाठीला मात्र रंगाचा पापुद्रा चिकटून आला होता आणि त्या पापुद्र्यामागे पांढरी भुकटी होती. म्हणजे तिथे गिलाव्याने रंगाला धरले, पण रंगानेच भिंतीला सोडले. एकाच भिंतीने दोन्ही दोष दाखवून दिले.

आता गिलावा भिंतीला धरतो तो कशाने, हे थोडक्यात पाहू. पहिली गोष्ट खडबडीतपणा. विटेच्या सांध्यात, दगडाच्या टाचांत ओला माल शिरतो, तिथेच आळतो आणि त्याला बोटांसारखी पकड मिळते. दुसरी गोष्ट शोषण. कोरडी वीट मालातले थोडे पाणी ओढून घेते आणि त्या पाण्याबरोबर चुन्याचे किंवा सिमेंटचे बारीक कण विटेच्या छिद्रांत जातात. तिसरी गोष्ट स्वच्छता. मध्ये धूळ, तेल, काजळी असेल तर माल धुळीला धरतो, भिंतीला नाही. तैलरंग या तिन्ही गोष्टी एकदम बंद करतो. तो खाचा बुजवितो, छिद्रे झाकतो आणि वर समईच्या तेलाची काजळी धरून ठेवतो.

चुन्याच्या सफेतीचे आणि डिस्टेंपरचे दुखणे वेगळे आहे. ते पाणी शोषतात, त्यामुळे माल सुरुवातीला छान बसतो. परंतु दर वर्षी उत्सवाला एक हात, असे वर्षानुवर्षे हात चढलेले असतात. आतले थर भुसभुशीत झालेले असतात. बोटाने चोळले तर बोट पांढरे होते. अशा थरावर बसलेला गिलावा म्हणजे वाळूवर मांडलेली चूल. या भिंतीवर खाली सफेतीचे थर आणि त्यांवर तैलरंग असे दोन्ही होते.

समितीच्या सभेत तेव्हा नाना उपाय पुढे आले. ते सर्व चांगल्या हेतूनेच सुचविलेले होते, म्हणून त्यांचा विचार करणे योग्य.

पहिली सूचना, टाचे दाट मारावेत आणि रंग राहू द्यावा. टाच्यांमुळे पकड मिळते हे खरे. पण दोन टाच्यांच्या मध्ये राहिलेला रंग सुटा असेल, किंवा त्याच्याखाली भुकटी असेल, तर टाच्यांवर सगळा भार येतो. रंग घट्ट असेल तर दाट टाचे उपयोगी पडतात, रंग सैल असेल तर फसवतात.

दुसरी सूचना, दुकानात मिळणारे बाँडिंगचे द्रव लावावे. हे द्रव काँक्रीट किंवा सिमेंटच्या स्वच्छ आणि भक्कम पृष्ठभागावर चांगले काम देते. ते रंगावर लावले तर नवा माल रंगाला घट्ट चिकटेल, पण रंग भिंतीला जेवढा धरून आहे तेवढेच सगळ्याचे बळ. गाडीला नवी साखळी बांधली आणि खुंटा कुजका असला तर बैल राहील काय?

तिसरी सूचना, कोंबड्यांची जाळी ठोकून तिच्यावर गिलावा करावा. जाळी खिळ्यांनी थेट भिंतीत पक्की केली तर वजन जाळी पेलते, रंग नव्हे. सिमेंटच्या घरबांधणीत, रंग काढणे शक्यच नसेल तेथे, हा मार्ग घेतात. परंतु जुन्या चुन्याच्या विटकामात शेकडो खिळे ठोकणे म्हणजे विटा खिळखिळ्या करणे. शिवाय ओल असेल तर लोखंड गंजून फुगते आणि गिलावा फोडते.

चौथी सूचना, कॉस्टिक सोड्याने रंग उतरवावा किंवा ज्योतीने जाळावा. सोड्याने हातापायाची कातडी आणि डोळे जळतात, आणि तो भिंतीत मुरला तर मागाहून क्षार फुटतात. ज्योतीने जाळणे तर अधिक वाईट, कारण जुन्या तैलरंगात शिसे असू शकते आणि त्याची वाफ छातीत जाते.

शिशाबद्दल दोन शब्द सांगणे जरूर आहे. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा आहे. त्यापूर्वीच्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, केशरी, तांबड्या आणि हिरव्या रंगांत, शिसे पुष्कळ असण्याचा संभव असतो. ती धूळ लहान मुलांच्या पोटात गेली तर त्यांच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो. म्हणून हा रंग कोरडा घासला नाही. भिंतीवर पाणी शिंपडून, ओला ठेवून, खरवडणीने आणि पटाशीने काढला. खाली प्लॅस्टिकचे कापड अंथरले. खरवडलेला कपटान् कपटा पोत्यांत भरला. तो शेतात, ओढ्यात किंवा बारवेत टाकू दिला नाही. मजुरांना धुळीसाठीचे योग्य मुखपट्टे दिले, आणि हात धुतल्यावाचून भाकरीला हात लावायचा नाही असा दंडक घातला. महिनाभर हरिपाठ शाळेच्या ओसरीवर झाला, त्याचे कारण हेच होते.

येथपर्यंत बुद्धीला पटण्यासारखे होते. खरी अडचण पुढे आली. रंग खरवडायचा म्हणजे भिंतीवरची नावेही खरवडायची.

पन्नास-साठ वर्षांपूर्वी हा सभामंडप उभा राहिला तेव्हा ज्यांनी ज्यांनी हातभार लावला त्यांची नावे निळ्या पट्ट्यावर पांढऱ्या तैलरंगाने लिहिलेली होती. कुणी रुपये १०१, कुणी ११, कुणी सव्वा रुपया, कुणी दोन पायली ज्वारी. यांपैकी बहुतेक माणसे आज हयात नाहीत. परांची बांधली गेली आणि गवंड्याने खरवडणी हातात घेतली, तेव्हा गावातील एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत आले आणि परांचीखाली उभे राहिले.

ते म्हणाले, "मिस्त्री, माझ्या बापाचं नाव हाय तिथं. अकरा रुपये दिलं व्हतं त्यानं. त्या साली आमचा एक बैल इकला व्हता. वरनं गिलावा करा, नाव आत ऱ्हाऊ द्या. पुसू नका."

गवंडी खाली उतरला. तो म्हणाला, "बाबा, आत राहिलं तर ते नाव पुन्हा गिलावा पाडतं. गेल्या वेळी तेच झालं. खाली पोरं बसत्यात. तुमच्या वडिलांना ते चाललं असतं का?"

म्हातारबाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. काम त्या दिवशी थांबले ते आठ दिवस थांबले. विलंबाचा पहिला आठवडा असा गेला आणि तो वाया गेला असे कुणी म्हणू नये.

त्या आठ दिवसांत शाळेतल्या मुलींनी परांचीवर उभ्या राहून एकेक नाव, रक्कम आणि वस्तू वहीत उतरवून घेतली. गुरुजींनी ती ताडून पाहिली. प्रत्येक ओळीचा फोटो घेतला. तीन ठिकाणी स्त्रियांची नावे नव्हतीच, नुसते अमुकची आई असे होते. गावातल्या वडीलधाऱ्यांनी आठवण करून तिन्ही बायांची खरी नावे सांगितली आणि ती वहीत आली. दोन नावे इतकी उडालेली होती की वाचता आली नाहीत. त्या दोन जागा वहीत मोकळ्या ठेवल्या आहेत. नवव्या दिवशी संध्याकाळी आरतीनंतर सगळी यादी मोठ्याने वाचली गेली. ज्याचे नाव आले त्याच्या घरचे माणूस उठून उभे राहिले. वाचन संपल्यावर म्हातारबाबांनीच गवंड्याच्या हाती खरवडणी दिली. ती नावे आता बाहेर ओवरीत दगडी पाटीवर कोरलेली आहेत. सर्वांनी जाताना अवश्य पाहावीत.

त्यानंतर काम कसे झाले ते क्रमाने सांगतो ती रीत, म्हणजे ज्यांना घरी उपयोग करावयाचा असेल त्यांनाही तो होईल.

आधी परीक्षा. भिंतीवर पाणी शिंपडावे. पाण्याचे मणी होऊन ओघळले तर भिंत शोषत नाही असे समजावे. धारदार सुरीने रंगावर फुली मारून तिच्यावर चिकटपट्टी दाबावी आणि झटक्याने ओढावी. पट्टीबरोबर रंग आला तर तो रंग गिलावा पेलणार नाही. बोटाने चोळून भुकटी येते का पाहावे. लाकडी मुठीने ठोकावे. बद आवाज आला तर आत पोकळ आहे. आणि भिंतीला लोणा लागलेला असेल तर आधी ओल कोठून येते ते शोधावे. येथे पागोळीचे पाणी भिंतीच्या पायाशी मुरत होते. ते गटार करून दूर नेले. ओल चालू असता केलेला कोणताही गिलावा टिकत नाही.

मग सफाई. तैलरंग वर सांगितल्याप्रमाणे काढला. सफेती भिजवून, खरवडून, ताठ कुंच्याने धुऊन काढली. सुटा झालेला जुना गिलावा विटेपर्यंत उतरविला. जो घट्ट होता तो राहू दिला आणि त्याला दाट टाचे मारले. विटांचे सांधे दहा-बारा मिलिमीटर खोल कोरले. शेवटी भिंत वरून खाली स्वच्छ पाण्याने धुतली.

या ठिकाणी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जुन्या देवळात सफेतीच्या थरांखाली कधी कधी जुनी चित्रे असतात. वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे पुष्कळांनी पाहिली असतील. तशी एखादी रेघ किंवा रंगाचा ठिपका दिसला तर खरवडणी तेथेच खाली ठेवावी आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागास कळवावे. म्हणून येथे आधी चार ठिकाणी तळहाताएवढ्या जागा हळुवार उघडून पाहिल्या. काही आढळले नाही, तेव्हाच पुढे गेले.

मग माल कोणता, हा प्रश्न. ही भिंत चुन्यात बांधलेली आहे, म्हणून गिलावाही चुन्याचा केला. सिमेंट वाईट नव्हे. सिमेंटच्या भिंतीवर सिमेंटचाच गिलावा योग्य. परंतु चुन्याच्या जुन्या भिंतीत नेहमी थोडी ओल येत-जात असते. चुना तिला बाहेर वाट देतो. सिमेंटचा कठीण थर ती कोंडतो, क्षार मागे साचतात आणि थर ढकलला जातो. कळीचा चुना विरवून महिनाभर पाण्याखाली ठेवला होता. तो चाळून, एका भागास धुतलेल्या वाळूचे तीन भाग घेऊन, त्यात तागाचे बारीक तुकडे घालून माल तयार केला. चुना विरवताना तो उकळतो आणि उडतो, तेव्हा मुलांना जवळ येऊ देऊ नये.

सबंध भिंतीला हात घालण्यापूर्वी दोन फूट लांब-रुंद असा एक नमुना कोपऱ्यात केला आणि पंधरा दिवस थांबले. हाही विलंबच. पण पंधरा दिवसांनी तो ठोकून पाहिला तेव्हा आवाज भरीव आला, आणि मगच पुढचा खर्च केला.

भिंत आदल्या संध्याकाळी भिजविली. सकाळी ती दमट असावी, पण तिच्यावर पाणी चमकू नये. पहिला थर थापीने जोराने फेकून मारला, म्हणजे माल सांध्यांत शिरतो. तो ओला असताना त्याच्यावर तिरप्या रेघा ओढल्या, म्हणजे दुसऱ्या थराला धरायला जागा मिळते. थराथरांत काही दिवस जाऊ दिले. शेवटी बारीक थर रंध्याने दाबून सारखा केला. ऊन लागू नये म्हणून ओले गोणपाट टांगले. सिमेंटच्या गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारावे लागते. चुन्याला त्याहून धीर हवा. तो हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा होतो आणि हे सावकाश घडते. गोणपाट भिजवण्याचे काम गावातल्या बायांनी वार लावून घेतले होते. एकही वार चुकला नाही.

ही रीत काही नवी नव्हे. अजिंठ्याच्या लेण्यांत कारागिरांनी भिंती मुद्दाम छिन्नीच्या घावांनी खडबडीत ठेवल्या, त्यावर साळीचा भुसा आणि गवताचे तंतू मिसळलेल्या मातीचा गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि मग चित्रे काढली. त्यातील पुष्कळशी पंधराशे वर्षे टिकली. उलट १९२० नंतरच्या काही वर्षांत, चित्रे टिकावीत अशा चांगल्या हेतूने त्यांच्यावर लाखेचे रोगण दिले गेले. ते पुढे काळवंडले आणि तो थर काढण्यास मागाहून तज्ज्ञांना फार कष्ट पडले. वर चढविलेला थर खालच्या थराचा विचार न करता दिला की असे होते.

आता पुढे काय करावे याविषयी थोडी विनंती. या भिंतीला चुन्याची सफेतीच द्यावी. तैलरंग देऊ नये, कितीही स्वस्तात किंवा फुकट मिळाला तरी देऊ नये. कुणी भक्ताला आपले नाव लावावयाचे असेल तर ते ओवरीतल्या दगडी पाटीवर कोरावे, भिंतीवर रंगवू नये. सफेतीचे थर जाड झाले की नवा हात देण्यापूर्वी सुटी भुकटी झाडून काढावी. दर वर्षी पावसाळा संपला की दसऱ्यापूर्वी दोघा-तिघांनी लाकडी मूठ घेऊन भिंत ठोकून पाहावी आणि बद आवाज येईल तेथे खडूने खूण करावी. त्याला पैसा लागत नाही, अर्धा दिवस लागतो.

ज्यांनी पत्रे लिहून विलंबाबद्दल विचारले त्यांना उत्तर एवढेच की आठ दिवस नावांना लागले, पंधरा दिवस नमुन्याला लागले, महिना रंग आणि सफेती काढण्यास लागला आणि उरलेला काळ चुन्याने घेतला. खर्चाचा तपशील याच स्मरणिकेत हिशेबाच्या पानांवर दिला आहे.

उद्या कलश चढेल. संध्याकाळपासून हरिपाठ पुन्हा या भिंतीखाली सुरू होईल आणि मुले नेहमीच्या जागी बसतील. ज्या म्हातारबाबांनी खरवडणी दिली, त्यांचा पणतू त्यांत असेल.

श्रींच्या चरणी सर्वांचे कल्याण होवो. शुभं भवतु.